पक्ष आणि त्यांची तत्त्वे
शेतकरी कामगार पक्षाच्या इतिहासावरून काही विचार

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी मजकडून एक इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा प्रथम मनात संकोच उत्पन्न झाला. मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि पुढे अध्यापनाचे. पांडित्याचा अधिकार मजपाशी नाही. परंतु खेड्यापाड्यांतील मुलांस वर्षानुवर्षे इतिहास शिकविल्यामुळे एक सवय मात्र जडली आहे. कोणती राजवट आली व कोणती गेली एवढे सांगून माझे समाधान होत नाही. ती का आली आणि का गेली, हे विचारल्यावाचून राहवत नाही. त्याच सवयीच्या बळावर हे चार शब्द लिहीत आहे. सुज्ञ वाचकांनी न्यून ते पुरते करून घ्यावे.

निमित्तही तसेच घडले. २०२२ च्या जून महिन्यात शिवसेना दुभंगली आणि २०२३ च्या जुलै महिन्यात राष्ट्रवादी काँग्रेसही दुभंगली. काल जे एकमेकांस शत्रू म्हणत होते, ते आज एका व्यासपीठावर बसले. आणि जे एका ताटात जेवत होते, ते न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागले. त्या दिवसांत आपल्या समाजातील एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मला विचारले, "गुरुजी, पक्षाला तत्त्व असते तरी का?" मी त्याला तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. आजच्या पक्षांविषयी बोलावे, तर प्रत्येकाच्या मनात राग-लोभ असतात. डोळ्यांसमोर धूळ उडत असताना वाट दिसत नाही. म्हणून ज्या पक्षाची कथा आता बहुतेक पूर्ण झाली आहे, ज्याचा आपल्या धाराशिव जिल्ह्याशी निकटचा संबंध होता आणि ज्याच्या लाल बावट्याखाली आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकजण उभे राहिले, त्या शेतकरी कामगार पक्षाचा इतिहास या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुढे ठेवीत आहे.

मूळ झरा

या पक्षाचे मूळ शोधू गेल्यास आपणांस २४ सप्टेंबर १८७३ या दिवसापर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको, सर्व मनुष्ये समान आहेत, शूद्रातिशूद्रांस व स्त्रियांस विद्या मिळाली पाहिजे, हे त्या समाजाचे तत्त्व होते. त्यात निवडणूक नव्हती, तिकीट नव्हते, खुर्ची नव्हती. पुढे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी या विचारास राजाश्रय दिला.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींकरिता सात जागा राखून ठेवल्या. येथून कथेस पहिले वळण लागले. समाज सुधारण्याची चळवळ कायदेमंडळात जागा मिळविणाऱ्या ब्राह्मणेतर पक्षात रूपांतरित झाली. भास्करराव जाधव मंत्री झाले. बहुजन समाजाचा मनुष्य मंत्रिपदी बसला ही लहान गोष्ट नव्हती. तिचे महत्त्व मी कमी करू इच्छीत नाही. तथापि फुल्यांनी ज्या लग्नविधीसाठी, ज्या शाळेसाठी, ज्या विहिरीच्या पाण्यासाठी जन्म वेचला, ते विषय हळूहळू मागे पडले व नोकऱ्या आणि जागा हे विषय पुढे आले. गावोगावचे सत्यशोधक जलसे ओसरले, परिषदा वाढल्या.

१९३० च्या सुमारास केशवराव जेधे यांच्यासारखे तडफदार पुढारी राष्ट्रीय चळवळीकडे वळले आणि बहुजन समाज काँग्रेसमध्ये आला. पुढे जेधे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले. हे तत्त्वापासून ढळणे होते काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे नव्हते. देश परक्यांच्या हाती असता शेतकऱ्याची मुक्ती होणार नाही, हे ओळखून त्यांनी साधन बदलले. साध्य तेच राहिले. वाचकांनी हा भेद ध्यानी ठेवावा. साधन बदलणे आणि साध्य सोडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपण बहुधा पहिलीवर रागावतो आणि दुसरी आपल्या नजरेतून निसटते.

पक्षाचा जन्म व दाभाडी

स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले तेव्हा या मंडळींस दिसून आले की, काँग्रेसमध्ये बहुजन शेतकरी आला खरा, पण सूत्रे व्यापारी व पांढरपेशे यांच्या हाती राहिली. धान्याच्या सक्तीच्या लेव्हीने शेतकरी गांजला होता. १९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काँग्रेसअंतर्गत आपला निराळा गट उभारला आणि १९४८ साली तो काँग्रेसबाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष म्हणून स्वतंत्रपणे उभा राहिला.

१९५० साली नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या दाभाडी या गावी पक्षाचे अधिवेशन झाले. तेथे मार्क्स व लेनिन यांच्या विचारांस मार्गदर्शक मानणारा प्रबंध स्वीकारण्यात आला. आजही जुने कार्यकर्ते 'दाभाडीचा प्रबंध' हे शब्द आदराने उच्चारतात. परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. फुल्यांचे तत्त्व शेतकऱ्याच्या भाषेत होते. ते आजीबाईसही समजे. दाभाडीचे तत्त्व पुस्तकातून आले होते. ते सभासदांपैकी थोड्यांनी वाचले, त्याहून थोड्यांस कळले. जे तत्त्व चार जाणत्यांच्या कपाटात राहते, त्याची राखण चारच माणसे करतात. पुढे ती चार माणसे निघून गेली, की राखणदारच उरत नाही.

आणि तसेच झाले. प्रथम डावीकडचे गेले; क्रांतिसिंह नाना पाटील व दत्ता देशमुख यांच्यासारखे कार्यकर्ते निराळ्या वाटेने गेले. नंतर उजवीकडचे गेले. संस्थापक केशवराव जेधे १९५४ साली काँग्रेसमध्ये परतले. शंकरराव मोरे १९५२ साली सोलापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले होते. तेच १९६२ साली पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. दहा वर्षांत घराचा पायाच परक्या वाड्यात जाऊन बसला. तरीही घर उभे राहिले, हे नवल. आणि या नवलाचा एक आधार आपल्या जिल्ह्यात होता.

आपला जिल्हा आणि लाल बावटा

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. निजामी अमलात आपल्या रयतेने लेव्ही सोसली, देशमुखी-जहागिरीचा जाच सोसला, रझाकारांचा अत्याचार सोसला. मुक्तीनंतर रयतेस वाटले होते की आता जमीन कसणाऱ्याची होईल. स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली थोर लढा दिला होता. पण सत्ता येताच तिच्यातही गट पडले. त्या वेळी मराठवाड्यातील तरुणांचा एक वर्ग शेतकरी कामगार पक्षाकडे वळला. १९५२ च्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी दहा जागा या पक्षास मिळाल्या. भाई उद्धवराव पाटील हे आपल्या जिल्ह्यातील या पक्षाचे सर्वांत मोठे नेते.

उद्धवरावांनी प्रथम हैदराबादच्या व नंतर द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत शेतकऱ्यांची बाजू मांडली, संयुक्त महाराष्ट्रासाठी आवाज उठविला व विरोधी पक्षनेत्याचे पदही भूषविले. १९७७ साली लातूर लोकसभा मतदारसंघातून ते निवडून आले. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. तोवर तो आपल्याच जिल्ह्याचा भाग होता, हे तरुण वाचकांच्या माहितीसाठी सांगतो.

ती १९७७ ची निवडणूक मला आठवते. आणीबाणी नुकतीच सैल झाली होती. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो. आमचे वडील कोरडवाहू शेतकरी. सभेस जाताना त्यांनी धोतराच्या सोग्यात भाकरी बांधून घेतली होती. परत येताना ते मला म्हणाले, "पोरा, जो आपल्याकडून काही मागत नाही आणि आपल्याला काही देईनही म्हणत नाही, त्याचं ऐकून घ्यावं." त्यांचे हे वाक्य मी पुढे अनेक निवडणुकांत आठवून पाहिले. ऐकून घेण्याजोगे लोक उत्तरोत्तर कमी होत गेले.

भरती आणि ओहोटी

या पक्षाची खरी भरती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आली. १९५७ साली समितीच्या बळावर पक्षाचे एकतीस आमदार निवडून आले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि १९६२ साली ही संख्या पंधरावर आली. त्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. ध्येय सिद्ध झाले म्हणजे सैन्य घरोघर परतते, तसा हा प्रकार होता.

परंतु यापेक्षा खोल गोष्ट निराळीच घडत होती. यशवंतराव चव्हाणांनी ज्यास बेरजेचे राजकारण म्हणतात ते आरंभिले. शेतकरी कामगार पक्षातील कर्त्या माणसांस काँग्रेसची दारे उघडण्यात आली. यशवंतराव मोहिते यांच्यासारखे अभ्यासू पुढारीही १९६० साली तिकडे गेले. १९६२ साली जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. सहकारी साखर कारखाने, मध्यवर्ती बँका, गावोगावच्या सोसायट्या यांचे जाळे पसरले. आपल्या जिल्ह्यात ढोकीचा तेरणा कारखाना हे जिल्ह्याच्या राजकारणाचे एक केंद्रच होऊन बसले. आता शेतकऱ्यास पीककर्ज हवे असे, उसाची नोंद हवी असे, मुलास शिक्षकाची नोकरी हवी असे; आणि या सर्वांच्या किल्ल्या एकाच कमरेला लटकत होत्या. विरोधी पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता होणे म्हणजे आपल्या शेताचे पाणी आपणच तोडणे, अशी अवस्था झाली. आमच्या गावातील लाल बावट्याचा एक जुना कार्यकर्ता सोसायटीचा चेअरमन झाला, त्या वर्षी त्याने बावटा काढून माळ्यावर ठेवला. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या घरी पाच लेकरे होती.

तरीही पक्षाने विधानसभेत आपले काम सोडले नाही. १९६२ पासून दहा वर्षे या पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात पक्ष सामील झाला, एन. डी. पाटील व गणपतराव देशमुख मंत्री झाले. त्याच सरकारात जनता पक्षातील जुने जनसंघीयही होते. दाभाडीच्या प्रबंधाच्या दृष्टीने हा विलक्षण शेजार होता. १९८४ च्या जानेवारीत उरण भागातील शेतकऱ्यांनी सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. गोळीबारात माणसे बळी पडली, पण विकसित भूखंडाचा हक्क पुढे मान्य झाला. २००६ नंतर रायगडातील विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्यातही एन. डी. पाटील अग्रभागी होते. म्हणजे तत्त्वाचा निखारा राखेखाली जिवंत होता.

दुसऱ्या बाजूस काय घडत होते? रायगडात याच पक्षाने सोयीप्रमाणे कधी शिवसेनेशी, कधी राष्ट्रवादीशी सोयरीक केली. १९९९ साली दोन्ही काँग्रेससोबत सत्तेत गेला आणि २००२ साली बाहेर पडला. आमदारांची संख्या १९७८ मध्ये तेरा, १९९० मध्ये आठ, १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन आणि २०१९ मध्ये एक अशी उतरत गेली. २०२४ सालीही एकच आमदार निवडून आला; तोही सांगोल्यातून, गणपतरावांचा नातू. ज्या मतदारसंघाने गणपतरावांस अकरा वेळा निवडून दिले, त्याने पक्षाची लाज राखली. परंतु ती पक्षाच्या तत्त्वास मिळालेली मते होती की आजोबांच्या पुण्याईस, हे वाचकांनीच ठरवावे.

कारणमीमांसा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लोक म्हणतात, पुढारी विकले गेले म्हणून पक्ष तत्त्वापासून ढळला. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच मला ते अपुरे वाटते. या पक्षाचा इतिहास तर उलटच सांगतो. उद्धवराव, गणपतराव, एन. डी. पाटील यांच्या साधेपणाविषयी विरोधकांनीही संशय घेतला नाही. माणसे जागच्या जागी राहिली, तरी पक्ष सरकला. का?

माझ्या मते कारण पक्षाच्या नावातच दडलेले आहे. 'शेतकरी' आणि 'कामगार' हे दोन शब्द १९४८ साली शेजारी शेजारी सुखाने बसले, कारण त्या वेळी दोघेही पिचलेले होते. कुळास जमीन हवी होती, मजुरास मजुरी हवी होती; दोघांचा प्रतिपक्षी एकच होता. पुढे कूळकायदे झाले आणि कूळ मालक झाला. पाटाचे पाणी आले, विहिरीवर मोटेच्या जागी इंजिन बसले, ऊस उभा राहिला. कालचा मागणारा आज देणारा झाला. त्याच्या बांधावर आता मजूर उभा होता व मजुरी मागत होता. रोजगार हमीचा कायदा १९७९ साली अमलात आला, तेव्हा मजूर सरकारी कामावर जातो म्हणून बागाईतदार कुरकुरत असे. ती कुरकुर मी स्वतः पारावर ऐकली आहे. आता पक्षाने कोणाची बाजू घ्यावी? शेतकऱ्याची घेतली तर नावातील दुसरा शब्द गेला. मजुराची घेतली तर मते गेली. अशा वेळी पक्ष काहीच बोलत नाही. न बोललेल्या अशा दिवसांनी तत्त्व झिजते. कोणत्याही अधिवेशनात 'आम्ही तत्त्व सोडले' असा ठराव होत नाही, आणि तरीही एके दिवशी ते सुटलेले असते.

दरम्यान १९८० पासून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतमालाच्या भावाचा प्रश्न उचलला आणि शेतकरी तिकडे धावला. मजुराचा प्रश्न तर कोणाच्याच खिजगणतीत राहिला नाही. अशा रीतीने नावातील दोन्ही शब्द दोन दिशांनी निघून गेले.

हा नियम एकट्या या पक्षाचा नव्हे. महात्मा गांधींनी २९ जानेवारी १९४८ रोजी काँग्रेसने आपले राजकीय रूप विसर्जित करून लोकसेवक संघ व्हावे असा मसुदा लिहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांची हत्या झाली आणि काँग्रेस होती तशीच राहिली. १९५५ साली आवडी येथे समाजवादी समाजरचनेचा ठराव करणाऱ्या त्याच काँग्रेसने १९९१ साली खुल्या बाजाराचे धोरण स्वीकारले. भारतीय जनता पक्षाने १९८० साली जन्माच्या वेळी गांधीवादी समाजवाद आपल्या तत्त्वांत गणला होता. आज तो शब्द त्यांच्या सभांत क्वचितच कानी पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कल्पनेतील रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची शकले झाली. विलायतेतील मजूर पक्षानेही उत्पादनसाधनांच्या सामायिक मालकीचे आपले जुने कलम १९९५ साली बदलले. म्हणजे डावा-उजवा, देशी-विदेशी असा भेद येथे चालत नाही. जो पक्ष यशस्वी होतो, त्याची माणसे बदलतात. माणसे बदलली की त्यांच्या गरजा बदलतात. आणि जुने तत्त्व त्यांस आखूड झालेल्या सदऱ्यासारखे वाटू लागते.

बोध

यावरून "सगळे सारखेच" असे म्हणून स्वस्थ बसावे काय? तसे मानणाऱ्याचे मत सर्वांत स्वस्त विकले जाते. मी आपल्या तरुणांस एवढेच सुचवीन की, पक्षाचा झेंडा, घोषणा व पुढाऱ्याचे आजोबा पाहून मत बनवू नये. तीन प्रश्न विचारावेत. हा पक्ष कोणास नाराज करण्यास तयार आहे? सत्ता आल्यावर त्याने सर्वांत दुबळ्या मनुष्यासाठी कोणती एक गोष्ट केली? आणि त्याचे तत्त्व त्याच्या सामान्य सभासदास स्वतःच्या भाषेत सांगता येते काय? ज्या पक्षास या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याचे नाव कितीही थोर असो, ते 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशातलेच समजावे.

जाता जाता एक कटू गोष्ट लिहितो. ज्ञातिबांधवांनी क्षमा करावी. जो नियम पक्षास लागू आहे, तो संस्थेसही लागू आहे. आपले मंडळ गरीब मुलांच्या शिक्षणासाठी निघाले. त्या वेळी आपण सर्वच गरीब होतो, त्यामुळे तत्त्व पाळणे सोपे होते. आज आपल्यातील कित्येकांची मुले पुण्या-मुंबईस मोठ्या पगारावर आहेत, कोणी परदेशी आहेत. आणि आपल्यातीलच कित्येक घरे अजून उसतोडीस जातात. वार्षिक मेळाव्याच्या व्यासपीठावर निवडणुकीच्या वर्षी उमेदवारांची गर्दी होते; त्या घरांतील मूल मात्र व्यासपीठावर दिसत नाही. आपणही 'शेतकरी' आणि 'कामगार' असे दोन भाग होत आहोत आणि त्याविषयी मौन पाळीत आहोत. म्हणून माझी नम्र सूचना आहे की, दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत हिशेब वाचण्यापूर्वी मंडळाच्या स्थापनेचे उद्दिष्ट मोठ्याने वाचावे, आणि त्या वर्षी उसतोडीच्या फडावरून किती मुले शाळेत परत आणली, तो आकडा त्याच्या खाली लिहावा.

त्या कॉलेजातील मुलास मी आता असे उत्तर देईन : बाळा, पक्षाला तत्त्व असते, पण ते त्याच्यापाशी आपोआप राहत नाही. ते दर वर्षी विचारावे लागते. विचारणारा गप्प बसला, की तत्त्व निघून जाते आणि पाटी तेवढी राहते. आई तुळजाभवानी आपणां सर्वांस विचारण्याचे धैर्य देवो, एवढे मागून ही लेखणी खाली ठेवतो.